उत्तरासाठी सोडलेली जागा

माइक चालत नाही म्हणून एवढं तोंड पाडायचं असतं का गो? ये, आत ये उझमा. हातावरची मेंदी पुरती उतरली नाही तोवर नवरा दोह्याला गेला. मला कळत नाही होय तुझं? या राजिवड्यात कुठल्याही घरात शिर, अर्धा संसार लांबूनच केला म्हणून सांगणारी एक तरी बाई भेटेलच. बस त्या खुर्चीवर. आमच्या पोराचं, अद्नानचं बघून तुझ्या नवऱ्यानेही तेच गेमचं मशीन पाठवलं, आणि आता त्याचा आवाज तुला येतो, तुझा त्याला जात नाही. हेच ना? आमचंही अगदी हेच झालं होतं.

हेडफोन देते की. नाही कोण म्हणतंय? पण आत माझी पोरगी शिफा बोलतेय, ऐकतेस ना? तिचं बोलणं होऊ दे. मध्येच तोडलं की रुसते, आणि रुसली की जेवत नाही. तोवर तुला एक सांगते. ऐकून झाल्यावर हवा तर ने, नको वाटला तर ठेव.

तू या मोहल्ल्यात नवीन, म्हणून मुळापासून सांगते. माझा नवरा मन्सूर. आम्ही एरवी नाव घेत नाही, पण तुला कळायला हवं म्हणून घेतलं. कुवेतला एका कंपनीच्या कँपात स्वयंपाकी होते. दोन वर्षांनी एकदा सुट्टी. तेव्हा घरोघरी फोन नव्हते. पत्र लिहायचं तर मला ते दुसऱ्याकडून लिहून घ्यावं लागायचं, आणि नवऱ्याला जे सांगायचं ते दुसऱ्याच्या पोराला कसं सांगणार? म्हणून आम्ही टेप भरायचो. सुट्टीवरून परत जाणाऱ्या माणसाच्या हाती कॅसेट द्यायची, येणाऱ्याच्या हाती त्यांची यायची. तेव्हा सगळ्याच बायका तसं करायच्या.

आमची कॅसेट एकच होती. ती तिकडून आली की मी ऐकायची, पाठ होईस्तोवर ऐकायची, आणि मग तिच्यावरच माझं भरायची. ते माझं ऐकायचे आणि त्यावर त्यांचं भरायचे. मला हसतेस? नवी कॅसेट मिळत होती गो बाजारात. पण ते म्हणायचे, एकाच ताटात जेवल्यासारखं वाटतं. तसे फार बोलणारे नव्हते, पण असलं काहीतरी म्हणायचे आणि मग आपणच खोकायचे. बोलण्याआधी खोकायची सवयच होती त्यांना.

आणि मी कशी भरायची ठाऊक आहे? आधी सलाम, मग सगळी खुशाली. आणि काही विचारलं की थांबायची. ‘तब्येत बरी आहे ना?’ की गप्प. टेप फिरत राहायची. ‘जेवता ना वेळेवर?’ पुन्हा गप्प. माझी नणंद हसून लोळायची, म्हणायची, भाभी, तो काय पेटीत बसलाय का उत्तर द्यायला? पण हे तिकडे माझी टेप लावायचे ना, तर मी थांबले की मोठ्याने उत्तर द्यायचे. खोलीतले लोक यांना वेडा म्हणायचे. सुट्टीवर आले की स्वतःच सांगायचे हसत हसत. ‘तू जागा सोडतेस, मी बोलतो. भांडणसुद्धा होतं कधीकधी,’ म्हणायचे.

शेवटची टेप मी भरली तेव्हा अद्नान आठ वर्षांचा होता आणि शिफा पोटात होती. त्यात सगळं सांगून झाल्यावर शेवटी विचारलं, ‘यंदा तरी कायमचे येणार ना?’ आणि थांबले. चांगली लांब जागा सोडली. पावसाळा संपताना निरोप आला की झोपेतच गेले. तिकडेच दफन केलं. तोंड बघायला मिळालं नाही, माती द्यायला मिळाली नाही. नंतर त्यांची पेटी आली. कपडे, परदेशी साबण, अत्तराची बाटली आणि डांबराच्या गोळ्या. तो वास अजून नाकात आहे. खाली टेपरेकॉर्डर, आणि त्याच्यात आमची कॅसेट. अर्धवट चाललेली. मी बटण दाबलं तर माझा आवाज नाही, काही नाही, नुसतं खरखर... खरखर. मागे फिरवून पाहिलं. माझ्या त्या शेवटच्या प्रश्नानंतर मी जी जागा सोडली होती ना, तिथे त्यांनी बंद केली होती.

काय उत्तर दिलं असेल गो? दिलं असेल की नाही? आणि बघ ना, त्यांचा आवाज तर मीच पुसला होता माझं भरताना. घरात आवाज राहिला तो माझाच.

...

काय झालं? मी थांबले की तू इकडेतिकडे का बघतेस? माझी सवयच आहे ती.

तर अद्नान मोठा झाला आणि तोही कुवेतलाच गेला. काम मिळालं हे एक कारण, पण खरं कारण मला माहीत होतं. त्याला बापाची कबर शोधायची होती. मीच लहानपणापासून त्याच्या कानीकपाळी ओरडत आले होते की, बाळा, तिथे जाऊन एकदा मातीला हात लावून ये, मगच माझ्या जीवाला शांती मिळेल. दर शुक्रवारी, जुम्म्याला, सुट्टी असते तिकडे. नमाज झाली की हा कब्रस्तानात. भलंमोठं मैदान, रांगाच रांगा, आणि वाळूत नुसते दगड. कुठल्या दगडाखाली कोण, कुणाला ठाऊक? वर्ष गेलं तसंच. पोरगं उन्हात करपलं, जेवण तुटलं, फोनवर धड बोलेना. मला वाटायचं, एकाला गमावलं आणि त्याची कबर शोधायला दुसऱ्याला पाठवलं, ही कसली आई मी! ‘सोड आता’ म्हणत नव्हते, कारण मलाही हवंच होतं ना ते. सापडली का, सापडली का, हेच डोक्यात.

त्यातच त्याने ते मशीन पाठवलं. तसलंच एक त्याच्याकडे. म्हणाला, अम्मी, शिफाला खेळायलाही होईल आणि तुम्हाला हवं तेवढं बोलताही येईल. एका जुम्म्याला मगरीबच्या नमाजनंतर बसलो. टीव्हीवर मशीन सुरू, शिफाच्या हातात तो रिमोट, त्याला वायर खोचलेली आणि डोक्यावर हा हेडफोन, तोंडापुढे माइकची काडी. मला ती कुठल्याशा ऑफिसातली बाईच वाटायला लागली. त्याचा आवाज काय स्वच्छ गो! कान लावला तर शेजारी बसून बोलतोय. ‘हॅलो शिफा, हॅलो अम्मी.’ आम्ही दोघी इकडून ओरडतोय, आणि हा आपला ‘हॅलो, हॅलो, बोला ना कोणीतरी.’

मग सुरू झाली कसरत. तो तिकडून सांगणार, शिफा इकडे करणार, आणि झालं की माझ्या मोबाइलवरून मिस्ड कॉल. एक दिला की हो, दोन दिले की नाही. ‘वायर घट्ट बसलीय का? काढून पुन्हा घाल.’ मिस्ड कॉल. ‘वायरवर छोटं बटण आहे, ते खाली असलं तर माइक बंद असतो. वर कर.’ मिस्ड कॉल. ‘आता सेटिंगमध्ये जा. लहान मुलांच्या नावाने उघडलं की बोलायला बंदी असते, ती काढ.’ तेही केलं, पोरगी हुशार आहे. मशीन बंद केलं, चालू केलं. दुसरा रिमोट लावला. त्याने स्वतःचा हेडफोनही बदलून पाहिला. मेलं काही होईना!

...गेली बघ लाईट. भारनियमनाचं काही खरं नाही. थांब, कंदील लावते. शिफाचं असू दे, ती घाबरत नाही अंधाराला. बोलतेय आपली. बस, बस तू.

हां, तर माझं डोकं फिरलं. शिफाच्या डोक्यावरून हेडफोन काढला आणि म्हटलं, दे इकडे, तुम्ही आजची पोरं नुसती बटणं दाबता, माइकपुढे बोलायचं कसं ते मला विचारा. आणि घातला. घातला आणि काय झालं कोण जाणे, तोंडापुढे माइक आल्याबरोबर मी टेप भरतात तशीच बोलायला लागले. ‘अस्सलाम आलेकुम. मी हाजरा बोलतेय. इकडे सगळे खुशाल आहेत. तुमची तब्येत बरी आहे ना?’ आणि थांबले.

अद्नान एकदम म्हणाला, ‘कोण?’

मला आनंदच झाला. म्हटलं, चाललं! ‘मी रे बाळा, ऐकू येतंय ना?’ तर तो म्हणाला, ‘अम्मी, घरात कोणी आलंय का? पुरुषाचा आवाज आला.’

मी शिफाकडे बघितलं. ती सोफ्यावर मांडी घालून बसली होती. मी म्हटलं, ‘घरात कोणी नाही रे. आम्ही दोघीच.’ आणि थांबले.

‘अम्मी... तो म्हणाला, “आहे की.”’

वाटलं लाईन कुठेतरी दुसरीकडे जुळलीय. कोणीतरी वात्रट माणूस मध्ये घुसलाय. मी रागानेच विचारलं, ‘कोण रे तू मेल्या? कुठून बोलतोस?’ आणि कान देऊन बसले. मला काही ऐकू येत नव्हतं, समजलीस ना? माझ्या कानात फक्त अद्नान. मी बोलत असताना त्याच्याकडे शांत. मी थांबले की तो दचकायचा. श्वास धरायचा. मला तेवढंच कळायचं.

‘खोकला, अम्मी,’ तो हळूच म्हणाला. ‘आधी खोकला. मग म्हणाला, रागावलीस की अजून तशीच नाक फुगवतेस.’

माझ्या हातातून मोबाइलच पडला गो.

तेव्हा घरात वास आला. परदेशी साबण, अत्तर आणि डांबराच्या गोळ्या. पेटी उघडल्यावर यायचा ना, तो. पेटी तर मी केव्हाच पूर्णगडला माझ्या माहेरी देऊन टाकलीय. बाहेर खाडीकडून सुक्या मासळीचा वारा येत होता आणि घरात हा वास. आणि बघते तर शिफा सोफ्यावर जराशी सरकून बसली. बसमध्ये आपण सरकतो ना, कोणी आलं की? तशी. काही न बोलता, टीव्हीवरची नजर न हलवता.

मी खरं सांगते, भीती वाटली. खूप वाटली. आपल्या धर्मात, गेलेला माणूस असा परत येत नाही, हे मला कोणी शिकवायला नको. वाटलं, जिन असेल, आणखी काही असेल, माणसाच्या आवाजात बोलतं म्हणतात. म्हणून मी डोळे मिटले आणि मोठ्याने कुराणातली फातिहा पढायला लागले. असलं काही असेल तर पळेल म्हणून. पढून संपवली आणि थांबले.

अद्नान रडत होता. म्हणाला, ‘आमीन म्हणाले, अम्मी. अब्बा आहेत ते. मला आवाज कळतो त्यांचा. अब्बाच आहेत.’

एवढी वर्षं मनात ढीग साचलेला, आणि तोंडाला कुलूप. विचारलं काय, तर ‘जेवलात का?’ हस, हस तू. मीही नंतर हसले. अद्नान म्हणाला, ‘म्हणतात, तुझ्या हातचं कुठे मिळतं.’ मग मी म्हटलं, ‘ही शिफा. तुम्ही पाहिली नाहीत.’ तर म्हणाले, रोज बघतो, नाक माझं घेतलंय बिचारीने. शिफा अद्नानच्या आवाजाला कान लावायला माझ्या गालाला गाल चिकटवून बसली होती. तिने नाकाला हात लावून पाहिला.

आणि मग मी विचारलं. तेच. शब्द न् शब्द तोच, जो टेपवर होता. ‘यंदा तरी कायमचे येणार ना?’

आणि थांबले. जागा सोडली.

किती वेळ गेला काय सांगू. अद्नानचा श्वाससुद्धा ऐकू येईना. वाटलं, पुन्हा तेच होणार. पुन्हा नुसती खरखर. मी हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबून धरला होता, कान दुखायला लागले.

‘अम्मी,’ तो म्हणाला, ‘हसतायत. म्हणतात, किती वेळा विचारशील गो तेच तेच? त्याच वेळी सांगितलं होतं ना, आलो म्हणून.’

मी ढसाढसा रडले. लाज कसली. शिफाने तिच्या फ्रॉकने माझे डोळे पुसले.

थोड्या वेळाने अद्नान पुन्हा बोलला, पण आता त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. म्हणाला, ‘अम्मी, मला पण बोलले. म्हणाले, अद्नान्या, उन्हातान्हात फिरू नकोस. मी तिथे नाहीये.’ अद्नान्या म्हणून त्याला दुसरं कोणीच हाक मारत नव्हतं. मीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी मी हा हेडफोन घेऊन बाजारात गेले. एसटी स्टँडजवळ समर्थचं मोबाइलचं दुकान आहे ना, तिथे. म्हटलं, बाबा, बिघाड नक्की कुठे आहे ते बघ. त्याने ती काडी उघडली, भिंग लावून पाहिलं आणि माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, ‘खाला, बिघाड कसला? आत माइकच नाहीये. नुसता स्पंज आहे. बनवतानाच घालायचा राहिला असेल. दुसरा बसवून देऊ?’ मी म्हटलं, नको रे बाबा, आहे तसा बंद कर. तो मला वेडी समजला असणार. समजू दे.

अद्नानने कब्रस्तानात जाणं सोडलं. जेवायला लागला, अंग धरलं. मशीनवर माझ्याशी बोलायचं असलं की दुसरा हेडफोन लावायला सांगतो. तो मुंबईहून मागवलाय, त्याच्यातून आपला साधा आवाज जातो. माझ्या जीवाचा घोर गेला म्हण.

आणि बघ, शोधणं सोडल्यावरच ती सापडली. यांच्या कँपातला एक म्हातारा केरळी माणूस त्याला भेटला, यांना माती द्यायला होता तो. हात धरून घेऊन गेला आणि दगड दाखवला. खात्रीने. अद्नानने मला फोन केला. म्हणाला, आजूबाजूच्या सगळ्या कबरी उंच आहेत, वरची माती घट्ट बसलीय. हीच एक खोल गेलीय. उकरलेली नाही, कोणाचं पाऊल नाही. नुसती मध्ये दबलीय. झोपून उठल्यावर गादी राहते ना अम्मी, तशी.

मला विचारत होता, ‘फातिहा पढू का? कुणासाठी पढू?’ म्हटलं, पढ. मातीने एवढी वर्षं त्यांना सांभाळलं, तिच्यासाठी पढ. आणखी काय सांगणार? मला तेवढंच सुचलं. त्या रात्री मात्र मला झोप लागली नाही. आनंद होता, आणि पायही थंड पडले होते. दोन्ही एकदमच. माणूस आला, चांगलंच झालं. पण उठून कसा आला असेल, किती चालला असेल, असलं काहीबाही मनात यायचं. आता नाही येत. आता सवय झाली.

...

हो, हो, देते ना. तुझा नवरा वाट बघत असेल तिकडे. तूही बघ लावून, पण तुला सांगितलंय, आत माइक नाहीये. आणि बोलताना मध्येच थांबू नकोस. एकसारखी बोलत राहा. तुझी अम्मी अलीकडेच गेली ना? म्हणून म्हटलं. तुला चालणार असेल तर थांब बाई, मी कोण सांगणार?

जरा सरक, या खुर्चीखालच्या डब्यात आहे. त्यात घालूनच ठेवलाय कधीपासून. हा घे. वायर नीट गुंडाळून ने.

काय? शिफाच्या कानाला?

काही नाही गो तिच्या कानाला. लाईट नाही, मशीन बंद आहे, आणि अद्नानची तर आज ड्यूटी आहे. ऐक ना जरा. बोलते... मग थांबते... मग हसते. मी टेप भरायचे अगदी तशीच, नाही? कोणी शिकवलं नाही तिला. ने तू तो बिनधास्त. आम्हाला आता लागत नाही.

अगं, उठलीस कशाला लगेच? घाबरतेस काय एवढी, घरातलाच माणूस आहे. बस. चहा तिघांपुरता ठेवलेलाच आहे, तुझ्यासाठी थोडं पाणी वाढवते.